लेव्हल

सोसायटीच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये एक सीट रिकामी राहिली.
आगाशेबाई म्हणाल्या, लहू मिस्त्री, चला तुम्हीपण,
तेवढाच बदल.
पावणेपाचला धायरी फाट्यावर जाऊन उभा राहिलो,
पायात कामावरचेच बूट, तळव्याला वाळलेलं व्हाइट सिमेंट.

गुंजवण्यातून चढलो. रेलिंगला धरून, चोरदरवाज्यातून वाकून
आत गेलो तर समोर एकदम तळं.
सगळ्यांनी फोन काढले.
मी पाण्याची रेघ बघितली:
श्रावणात कुठवर चढलं असेल,
फाल्गुनात किती हात उतरलंय.
सवय. दुसरं काय.

निनाद नावाचा पोरगा माहिती सांगत होता.
कोण कुठून चालून आलं, कोणी कुणाला कापलं,
खलिते, तोफा, कडेलोट.
पोरं टाळ्या वाजवत होती.
मला विचारायचं होतं,
रोजची जेवणारी माणसं किती असायची इथं?
आणि सकाळी उठून ती जायची कुठं?
पण आगाशेबाई पुढ्यातच बसल्या होत्या.

उत्तर राजगडानंच दिलं, संजीवनी माचीवर.
तटाच्या जाडीत माणूस बसेल एवढा कोनाडा,
दोन पायांना दोन दगड, मधे फट,
फटीखाली थेट दरी.
ना पाइप, ना ट्रॅप, ना चोकअपची भानगड.
मी वाकून बघत राहिलो, मागून कोणीतरी हसलं.
हसू दे.
पहाऱ्यावरच्या माणसाचंही पोट बिघडतं,
मध्यरात्री, धुक्यात, हातात भाला असताना,
आणि कोणीतरी त्याची ही अडचण
दगडात लक्षात ठेवली होती.

डबे उघडले तेव्हा मी एका टाक्याकडे गेलो.
कातळातलं, बिननावाचं, पाटीसुद्धा नाही.
काठाला बोटभर खाच,
भरलं की जादाचं पाणी तिच्यातून खालच्या टाक्यात.
खिशातली छोटी लेव्हल खाचेत ठेवली.
बुडबुडा रेषेपलीकडे जरासा सरकला
आणि थांबला.
तेवढाच उतार.
तेवढाच लागतो.

आतल्या भिंतीवर छिन्नीचे घाव, सगळे एका अंगाला कललेले.
कोपऱ्यात मात्र हातभर जागेत ते उलटे.
डावखुरा होता कोणीतरी.
मीही. जेवताना बाप हातावर चापट मारायचा,
उजव्यानं खा, भिकारड्या.
यालाही मारली असेल.
मी खाचांवर हात ठेवला.
बरोबर बसला वगैरे म्हणणार नाही,
दगडाला माझी ओळख असायचं कारण नाही.
पण पान्यानं मला जिथं घट्टा पडलाय
तिथंच हातोड्यानं त्याला पडला असणार,
एवढं समजलं.
मजुरी काय मिळाली असेल? पायली-दोन पायली नाचणी?
का नुसतीच हजेरी, आणि उद्या या म्हणून सांगणं?

निनाद म्हणाला, काका, इथं काही विशेष नाहीये,
बालेकिल्ल्याला उशीर होतोय.
म्हटलं, व्हा पुढं.

परतताना नवले पुलावर दीड तास.
गाडीत सगळे झोपलेले, मी जागा.
गेटवर टँकर उभा, पाइप पसरलेला,
आणि वॉचमन म्हणतो,
मिस्त्री, बी विंगची टाकी गळतीय दुपारपासून,
वर तुम्हाला बघून यायला सांगितलंय.

गच्चीवर गेलो. टाकी गळत नव्हती.
पाणी काठाला लागलेलं, ओव्हरफ्लोला वाट नाही,
झाकणाखालून झिरपून गच्चीभर पसरलेलं.
नऊशे रुपयांचा टँकर, त्यातलं निम्मं गच्चीवर.
पाइप उलट्या उताराचा.
कोणी बसवला ते विचारायला नको होतं,
सात वर्षांमागं, दिवाळीच्या आदल्या दिवशी,
घाईत, लेव्हल न लावता, डाव्या हातानं.

तरी लेव्हल लावून बघितली.
बुडबुडा पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला,
शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा.

खाली हाक मारली:
हॅक्सॉ ब्लेड आणा रे कुणीतरी.
आणि बॅटरी.