कारण निवडा

साल्मे आधी कॉम्प्युटर चालू करतात,
मग चुलीवर बटाटे चढवतात.
बटाटे शिजत आले की कुठे पडद्यावर पहिलं चित्र उमटतं.
हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही.
समुद्र गोठला की होडी वर ओढून ठेवायची असते,
त्या सुरात सांगितलं.

मी सारेमा बेटावर कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरतो.
अर्धं काम धूळ झाडायचं,
उरलेलं, ऐकून घ्यायचं.

उघडून बघतो तर दारात तिघे.
एक मशीनबरोबरच आलेला, कंपनीचा, बिनपगारी.
एक यूलोंनी बसवलेला, त्यांच्या कार्डावर, वर्षाच्या बोलीनं.
एक मुलानं, ताम्पेरेहून, फोनवर सांगून सांगून:
आई, एकापेक्षा दोन बरे.

एकापेक्षा दोन बरे हे मोज्यांना लागू आहे.
फेब्रुवारीत मीही दोन घालतो.
पहारेकऱ्यांचं तसं नसतं.
नातवाचा साधा फोटो उघडायचा म्हटला
तरी पहिला त्याला दंडाला धरतो, खिसे चाचपतो.
दुसऱ्याला वाटतं, हा कोण धरून उभा?
तो दोघांनाही धरतो.
पहिल्याच्या झोळीत चोरांची वर्णनं,
ओळखता यावेत म्हणून जपलेली.
दुसरा झोळीत हात घालतो आणि ओरडतो, सापडला!
झोळी जप्त.
पहिला पुन्हा नवी आणतो.
हे दिवसभर, पंखा घरघरत.

कुंपणानं शेत खाल्ल्याचं ऐकलंय सगळ्यांनी.
इथं दोन कुंपणं एकमेकांना खात होती
आणि शेत मधल्यामधे करपत होतं.

मुलाचा काढला. दहा मिनिटं, एक रीस्टार्ट.
फरक पडला. थोडा.
मग यूलोंचा.
त्याची मुदत ऑक्टोबरातच संपलेली.
बघत काहीच नव्हता, नुसता उभा होता,
आणि दारावर नाव त्याचं म्हणून
कंपनीचा आत झोपून:
मालकाचा माणूस आहे ना, मग आपण कशाला उठा.
म्हणजे मुलाचा झोळी शोधत फिरत होता,
आणि मागचं दार चार महिने सताड उघडं.

मी माउस तिथं नेला.
साल्मे म्हणाल्या, थांब.

रोज सकाळी, बटाटे उतरवून त्या खुर्चीत बसल्या
की उजव्या कोपऱ्यातून एक हिरवी चौकट वर येते.
सुप्रभात, यूलो.
मुदत संपल्याची ओळ त्याखाली, बारीक, लाल.
ती त्यांनी वाचली नव्हती.
किंवा वाचली होती.

याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.
म्हटलं, रविवारपर्यंत राहू दे.
बँकेचं काही उघडू नका तोवर.
कसं काढायचं ते मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, बाण काढून.
त्यांनी धुरावलेला मासा दिला, वर्तमानपत्रात गुंडाळून.
पैसेही दिले, मी नको म्हणायच्या आत.

रविवारी त्यांनी स्वतःच काढला.
फोनवर सांगत होत्या:
दोनदा विचारलं रे त्यानं, नक्की का म्हणून.
मग जाता जाता म्हणतो, कारण निवडा.
फार मंद आहे.
फार महाग आहे.
दुसरा मिळाला.
इतर.

"दुसरा मिळाला" वाचून हसल्या म्हणे, खोकला येईपर्यंत,
एकोणऐंशीव्या वर्षी, एकट्या घरात.
मग "इतर"वर टिचकी मारली.
खाली रिकामी चौकट उघडली, लिहायला.
काय लिहिलं ते मी विचारलं नाही.
वेळ लागला, म्हणाल्या,
आणि अक्षरं मोजून देतात मेले.

आता पडदा लगेच उजळतो.
पाण्याला अजून बुडबुडाही आलेला नसतो.
ही मात्र त्यांची तक्रार आहे, चांगली खणखणीत:
मधला वेळ कुठे ठेवू मी?

मी म्हटलं, बटाटे आधी लावा.