समुद्राची हजेरी

सेतूबालच्या कॅनरीत मी डब्यांवर लेबलं चिकटवायचे.
छपाईत फसलेली, माशाला दोन डोकी आलेली,
ती जाळायची असा नियम होता.
मी ती बेल्मीरोला द्यायचे.
हिशेबनीस. माझ्यासारखाच रविवारीही
सार्डिनचा वास येणारा.

त्या पाठकोऱ्या कागदांवर त्याने चार हिवाळे लिहिलं:
एक सरकार समुद्राला बजावतं,
भरती हवी तर अर्ज कर, तीन प्रतींत.
ओहोटीचा नमुना वेगळा.
समुद्र आपला येतो, बिनपरवाना,
शिपायाच्या स्टुलापर्यंत, शिक्क्यांच्या कपाटापर्यंत,
आणि साहेब पाय वर घेऊन
त्याच्या नावापुढे लिहीत राहतात: गैरहजर.

लिस्बनच्या तपासनिसाने निळी पेन्सिल उचलली,
एकच वाक्य खोडलं:
'सार्डिनला वास येतो.'
निर्यातीला बाधा, म्हणाला.
बाकीचं सगळं त्याला मत्स्यखात्याबद्दल वाटलं,
आणि त्या खात्यात त्याचा मेव्हणा होता,
ज्याच्याशी त्याचं मुळीच पटत नव्हतं.

तीनशे प्रती छापल्या.
खपल्या किती ते प्रकाशकाने शेवटपर्यंत सांगितलं नाही.
पण जेर्वाझियोच्या दारूच्या गुत्त्यात
अक्षरशत्रू कोळी पानंच्या पानं तोंडपाठ म्हणायचे,
आणि बंदराचा अधिकारी आत आला
की कुणीतरी हळूच आपले पाय बाकावर घ्यायचं.

एवढं पुरलं.
त्याची बदली झाली ब्रागांसाला,
डोंगरात, जिथे समुद्र चित्रातसुद्धा नाही.
एक पत्र आलं मला. त्यात फक्त:
इथे काहीच वर चढत नाही, देओलिंदा.
परतून आली ती त्याची पेटी.

मग ते सरकार गेलं. रस्त्याला त्याचं नाव मिळालं,
नाव लिहिताना एक अक्षर चुकलं, ते तसंच आहे.
पोरं वह्या घेऊन माझ्याकडे येतात:
कादंबरीतल्या उपरोधाचे प्रकार किती?
मी म्हणते, आम्ही दात दुखेपर्यंत हसायचो.
ते लिहून घेतात: एक.

परवा संग्रहालयात नेलं मला.
काचेआड त्याची लेबलं, अक्षरं वर, मासे भिंतीकडे.
म्हटलं, एक उलटून दाखवा ना,
दोन डोक्यांचा मासा बघायचाय,
कडेला माझा खळीचा अंगठाही असेल.
कोट घातलेला मुलगा फार नम्रपणे म्हणाला,
बाई, त्यासाठी अर्ज करावा लागेल,
तीन प्रतींत.

मला जे हसू फुटलं ते आवरेना.
खुर्चीवर बसवलं, पाणी आणलं,
पाय वर घेऊ दे मला, म्हटलं.
मुलगा घाबरून बघतच राहिला.
त्याने ते पुस्तक परीक्षेपुरतं वाचलं होतं.