प्रॉम्प्टरची सुटी

एकतीस वर्षं मी विंगेत बसलोय,
डाव्या बाजूला, पावडरच्या डब्यांशेजारी,
गुडघ्यावर वही, वहीवर टॉर्च.
जत्रेच्या रात्री बोरीत जे कोणी राजे झाले
ते आधी माझ्या ओठांवर उभे राहिले, मग रंगमंचावर.
हे मी गर्वाने सांगत नाही.
कुजबुजत सांगतो, सवय आहे.

यंदा मंडळाने ठरवलं : मूकाभिनय.
तीन रविवार, फक्त मोठ्या माणसांसाठी,
फी दोनशे, चहा-भजी धरून.
शिकवायला म्हापशाच्या नूतनबाई केरकर.
पहिली सूचना : बोलायचं नाही.
दुसरी नव्हतीच.
मी वही पिशवीत ठेवली
आणि पिशवी मांडीवर.

आधी भिंत.
नसलेल्या भिंतीवर सतराजणांचे तळहात.
पंचायतीतला फोंडू गावडे तिला इतक्या जपून शिवला
की जणू तिच्या परवान्यावर सही त्याचीच होती.
शकुंतला नाईक, निवृत्त हेडबाई,
त्यांनी तिचा फळा केला, काहीतरी लिहिलं,
वाचलं, आणि पदराने पुसलं.
आग्नेलने उभं आयुष्य बस चालवली.
तो भिंतीपाशी आला आणि रिव्हर्स टाकला,
मागे मान वळवून, आरशात बघून, नीट.

इतक्यात कँटीनचा पोर चहा घेऊन आला
तो भिंतीतून आरपार.
सगळे एका सुरात ओरडले,
"आरे वणत मरे, वणत!"
तो दचकला. तीन कप सांडले.
तेवढे मात्र खरे होते.

मग बाई माझ्याकडे वळल्या. भुवईने विचारलं, तुम्ही?
मी हातानेच म्हटलं, नको, मी पडद्यामागचा.
हातानेच म्हटलं,
म्हणजे सापडलोच की.

तेव्हा जे रोज करतो ते केलं.
नसलेल्या स्टुलावर बसलो (गुडघे दुखले, ते असलेले),
टॉर्च लावला, बोट ओलं केलं, पान उलटलं.
कोणीतरी खुदकन हसलं. ओळखलं होतं.

आणि गोकुळदास फडते पुढे आला.
सव्वीस वर्षं राजा. सव्वीस वर्षं तिसऱ्या अंकात अडकतो,
आणि चहा पिताना सांगतो,
तो पॉज होता.
त्याने तलवार उपसली, छाती काढली,
आणि थांबला.
मान डावीकडे अर्धा इंच कलली.
तो अर्धा इंच या जगात फक्त मला ठाऊक आहे.

मी वही चाळली. पान कोरं.
मागचं कोरं, पुढचंही.
पंखा घरघरत होता,
खिडकीतून काजूच्या बोंडांचा आंबूस वास,
आणि एक राजा सगळ्यांदेखत
विसरल्याचं कबूल करून उभा.

मी ओठ हलवले.

त्याने ते घेतलं.
तलवार खाली केली, म्यान चाचपलं, सापडेना,
तेव्हा बाजूच्या हेडबाईंच्या हातात दिली
आणि पायांतले जोडे काढून मांडी घालून बसला.
इतका चांगला तो कधी बोलला नव्हता.

रात्री त्याला स्कूटरवरून लोटलीला सोडायला निघालो.
पुलावर त्याने मागून विचारलं,
"तुवें कितें सांगिल्लें रे?"
जुवारीवर वारा होता. ऐकू आलं नाही
असं मी दाखवलं. एवढा अभिनय एका दिवसात येतो.
फाटकाशी पुन्हा विचारलं.
मी हेडलाईट घालवला.

पुढच्या रविवारी
तो पोर चहा घेऊन आला,
भिंतीपाशी थांबला.
ट्रे एका हातावर तोलला, दुसऱ्याने कडी काढली,
आत आला, टाचेने दार लोटलं.
दार कुठे आहे ते आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.
त्याला कुणी सांगितलं असेल?
मी तर नाही.