छाट

पत्र्याचं माप ठेवून आई पान कापते आहे.
मी उंबऱ्यात बसून मोबाईलवरून वाचते आहे
आमच्या प्रभागातल्या एकोणीस जणांची शपथपत्रं.

संध्याकाळ. नळाचा पाचवा दिवस उद्या.
राजव्वा आली सूप घेऊन, मग पोशव्वा,
मागच्या गल्लीतून रुकय्याभाभी.
चार मांड्यांवर चार सुपं, तंबाखूचा खकाणा,
आणि माझ्या तोंडून जंगम मालमत्ता, स्थावर मालमत्ता,
अवलंबित व्यक्ती एक, अवलंबित व्यक्ती दोन.

"हळू वाच. आकडा परत सांग."

आई अंगठा लावते, पण तिला आकड्यात फसवून दाखवा.
हजार बिड्या, पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्टे.
कारखान्याच्या खिडकीत चेकर मूठभर उचलतो,
नखानं टोचतो, म्हणतो, छाट.
छाट झालेली मजुरीत धरत नाहीत,
परतही देत नाहीत.
तीस वर्षं ती खिडकीच्या अलीकडं उभी राहिली.

आज सूप पुढं ओढून म्हणाली, "आण एकेक."

पहिला: मागच्या वेळी एक प्लॉट, या वेळी सात.
धंदा, शेती.
"आशोक चौकात कुठली रे शेती?" पोशव्वा हसली,
खोकला लागेपर्यंत हसली.

दुसरी: सगळ्या रकान्यांत "लागू नाही".
शिक्षणातही, उत्पन्नातही.
आईनं तिला बाजूला ठेवलं. छाट नाही, नुसतं बाजूला.

तिसऱ्यावर गुन्हा.
"झालं," राजव्वा म्हणाली, "गुन्हा म्हणजे गुन्हा."
"कसला ते वाच की."
मी वाचलं: जमाव, रस्ता अडवणे, महापालिकेसमोर, मे महिना.
रुकय्याभाभीचा हात थांबला.
"वो तो पानी का मोर्चा. घागर लेके मैं भी थी."
"मग तुझ्यावर का नाही गं?"
त्यावर दोघी बराच वेळ भांडल्या,
अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या दखनीत.
मी मध्ये पडले नाही.

रात्री एक पोरगा पाकीट देऊन गेला, पाचशेचं.
पोशव्वानं घेतलं. औषध आणायचं होतं, तिनं लपवलंही नाही.
आईनं कुणाला नावं ठेवली नाहीत.
पाठ टेकून नुसता हिशोब केला:
पाच वर्षं, रोजचे सत्तावीस पैसे.
"एक बिडी," ती म्हणाली. "आणि वर थोडी राख."

मग तिला शिकवायला मी पुठ्ठ्यावर चार चौकोन काढले.
पांढरा अ, गुलाबी ब, पिवळा क, निळा ड.
चार जागा, चार मतं,
चारही दाबल्याशिवाय मशीन ओरडत नाही.
साठीच्या बाईनं मुळाक्षरं गिरवली ती अशी,
शाळेत नाही, नगरसेवकांच्या जागांवर.

मतदानाच्या दिवशी राजव्वा एक बटण दाबून बाहेर.
"ओ मावशी, तीन राहिले!" साहेब ओरडले.
"एकच ओळखीचा आहे," ती म्हणाली,
आणि तरी परत आत गेली.

आई आत बराच वेळ होती.
मागची रांग चुळबुळली, कुणी "बे लवकर" म्हणालं.
मला ठाऊक होतं, ती टोचून बघते आहे.
मग ती लांब शिट्टी.

शाई लावताना बाईंनी तिचं बोट दोनदा पुसलं होतं.
तंबाखूचा पिवळा निघाला नाही,
शाई त्याच्यावरच बसली.

"कुणाला?" मी रिक्षात विचारलं.
"ते विचारायचं नसतं."
थोड्या वेळानं, घोंगडे वस्तीच्या वळणावर,
"ड मध्ये सगळीच छाट होती.
खालचं शेवटचं दाबलं."

निकाल लागला. सात प्लॉटवाला आला.
गुलाल आमच्या दारापर्यंत, नळ अजून पाचव्या दिवशीच.
मी चिडले. आई सूप घेऊन बसली.
शपथपत्रांचे कागद, मी दुकानातून छापून आणलेले,
तिनं गुंडाळी करून बिडीच्या दोऱ्यानं बांधले,
दोन वेढे, एक गाठ,
रेशनकार्डाच्या डब्यात ठेवले.

"फेकू नको. आठव्या प्लॉटला लागतील."