कधी कळलं

अपघाताची तारीख, असं छापलंय,
पुढं आठ चौकोन.
मी पेन टेकवून बसलेय
नेल्सनमध्ये, केबाबच्या दुकानावरच्या वकिलांच्या खोलीत.
खालून तळणाचा वास. काचेपलीकडं
पेंडलची टेकडी, अर्धी ढगात.

अप्पा, कुठली तारीख घालू?

इचलकरंजीत मागावर उभे राहिलात ते चौदाव्या वर्षी,
ते इथं धरत नाहीत.
इथल्या शेडमध्ये तेवीस वर्षं,
आधी आठ माग, मग बारा,
धोटा मिनिटाला दोनशे वेळा इकडून तिकडं.
त्यातला कुठला खटका
लिहू?

इंग्रजी अप्पा कानांनी शिकलेच नाहीत.
शेजारच्या मागावरच्या एनिडबाईंच्या
ओठांवरून उचलली, शिव्यांसकट.
अजून बोलताना तोंड जरा जास्तच उघडतं
आणि दुकानातल्या पोरींना वाटतं
म्हातारा अंगावर येतोय.

कंपनीनं पहिल्याच पत्रात कानांवर हात ठेवले.
अप्पांच्या कानांवर तेवीस वर्षांत
कुणी काही ठेवलं नव्हतं.
एकदा फोरमननं कापूस दिला होता,
जमिनीवरून उचलून.

तपासणीच्या खोलीत सांगितलं,
आवाज आला की बटण दाबा.
अप्पा दाबत राहिले, एका ठेक्यात,
यंत्र गप्प होतं तेव्हाही.
डॉक्टरांनी लिहिलं, उत्तरं भरवशाची नाहीत.
काचेबाहेरून मला तो ठेका ओळखू आला.
लहानपणी जेवताना ताटाच्या कडेवर
त्यांची बोटं तोच वाजवायची.

आता हारग्रीव्ह्ज बाई विचारतात,
सावकाश, ओठ सुटे करून,
तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?

मी घरून पढवून आणलं होतं.
कळल्यापासून तीन वर्षं, अप्पा, तेवढीच मुदत.
गेल्या साली म्हणा.
टीव्हीवरून भांडण झालं तेव्हा म्हणा.
मान डोलावली होती त्यांनी.

अप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
"एकोणऐंशी," म्हणाले,
खालच्या केबाबवाल्यालाही ऐकू जाईल असं.
"ही झाली तेव्हा. बर्नलीला.
रात्रपाळीवरून थेट गेलो होतो.
नर्सनं हातात दिली.
तोंड उघडं, लालबुंद, आतली टाळू दिसत होती.
म्हटलं, गुणी आहे पोर,
नुसती जांभई देतेय.
नर्सच्या ओठांवर वाचलं,
काय रडतेय हो ही.
तेव्हा कळलं."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.
मग पुन्हा काढलं, पण लिहिलं नाही काही.
साहेबांशी बोलून कळवते, म्हणाल्या,
माझ्याकडं बघून, त्यांच्याकडं नाही.

फॉर्म माझ्याच मांडीवर होता.
माझा वाढदिवस
आठ चौकोनांत बरोबर बसला.

परतीच्या बसमध्ये मी काही बोलले नाही.
अप्पा समोरच्या सीटवर, उलटे बसलेले,
माझ्या तोंडाकडं बघत,
कधी उघडतंय.