उलटतपासणी

प्रोग्रामला आधी जुने सामने खायला घालायचे
निकाल झाकून,
आणि विचारायचं, सांग, कोण जिंकलं?
चुकला की कान पिळायचे. पुन्हा विचारायचं.
महाप्याच्या ऑफिसात मी हेच करते पगारासाठी,
कुठल्याशा थंड देशातल्या फुटबॉलचं.

घरी बसवायला घेतली घणसोलीची कबड्डी.
बाबांच्या एकतीस वह्या होत्या ना,
माघाच्या जत्रेतल्या, गुणलेखक हिराजी भोईर,
चढाईगणिक एक ओळ,
बाद झालेल्याच्या नंबरावर तिरकी रेघ,
लोण चढला की लाल शाईचा गोल.
काही पानांना अजून मैदानातला चुना लागलेला.

चार महिने रात्री मी आकडे टिपत होते.
चुलतभाऊ हर्षल दाराशी घुटमळायचा,
"उद्याचं सांग ना, तळवली की गोठिवली?
थोडे लावतो."
चौसष्ट टक्के गोठिवली, म्हटलं.
तळवली जिंकली. तो आठवडाभर बोलला नाही.

मग एकदा, अकराच्या सुमाराला, पडद्यावर एक ओळ:
वही चौथी. अंतिम सामना. चढाई एकसष्ट.
बाद एक, गुण दोन. जुळत नाही.

बोनसची खूण नव्हती.
मला वाटलं टिपताना माझंच चुकलं असेल.
वही काढली. तिरकी रेघ एक.
शेजारी दोन,
नीट, सावकाश काढलेला,
शाळेच्या फळ्यावर काढतात तसा.

आम्ही सत्तावीस, दिवाळे सव्वीस.
तो चषक अजून गावदेवीच्या देवळात आहे,
कान तुटलेला, आत उदबत्त्या.

बाबा जेवत होते.
"पंचानी एकच बोट दाखवला," ते म्हणाले.
काटा काढला तोंडातून, ताटाच्या कडेला ठेवला.
"मी दोन लिवलं."

मी काही विचारलं नव्हतं.

"जमिनीचे चेक आलेले त्या साली.
कोणी गाडी घेतली, कोणी बाटली.
मैदानात बघितलं तर
सगळ्या गावाचा श्वास त्या एका पोराच्या दमात.
हात आपोआप गेला, असं नाय बोलणार मी.
हात मीच नेला."

दिवाळ्याचा कप्तान तेव्हा बावीस वर्षांचा, परशुराम.
आता बेलापूरला जेटीजवळ जाळी विणतो.
दर लग्नात बाबांना भेटतो,
आधी त्यांच्या पानात वाढायला लावतो.

हात धुऊन ते माझ्या मागे येऊन उभे राहिले,
प्रोग्रामशी पहिल्यांदाच बोलल्यासारखे:
"एक घाल. बघ काय होतं."

एक घातला. सव्वीस-सव्वीस.
जादा वेळ. पंखा फिरत होता.
बावन्न टक्के घणसोली, अठ्ठेचाळीस दिवाळे.

"म्हंजे?"
म्हणजे माहीत नाही, बाबा.
"एवढ्या वह्या खाऊन पन?"
एवढ्या वह्या खाऊनपण.

ते झोपायला गेले. झोपले नाहीत,
खाट वाजत होती.
सकाळी चौथी वही फळीवर नव्हती,
त्यांची चप्पलही नव्हती.
बेलापूरची बस सहा वीसला असते.

दुपारी आले. पिशवीत बोंबील होते,
वही होती. काय झालं ते सांगितलं नाही.
आईने विचारलं, बोंबील केवढ्याला?
"पैसे घेतले नाय त्यानी," एवढंच.

चढाई एकसष्टच्या चौकटीत
मी एक लिहिला नाही, दोनही ठेवला नाही.
रिकामी सोडली.
प्रोग्रामला रिकामं चालत नाही,
तो सरासरी काढतो, भरून टाकतो:
एक पूर्णांक चार.

हर्षल पुन्हा दाराशी आहे.
रविवारी दिवाळे विरुद्ध घणसोली.