सतरावं घर

माझ्या यंत्रात चाळीस घरं,
दर घरात सहा टिंबं.
ती वर येतात, खाली बसतात,
आणि बोटाखालून ओळ निघून जाते.

गेल्या चैत्रात सतराव्या घरातलं
डावीकडचं तळचं टिंब बसलं
ते उठलंच नाही.

एक टिंब, त्यात काय, असं डोळसांना वाटतं.
पण तेवढ्यानं 'म'चा 'च' होतो,
'र'चा 'ह', 'व'चा 'घ'.
सतराव्या जागी जो येईल त्याचं नशीब.
मुलांच्या पाक्षिकाचा मजकूर मी तपासते.
त्या आठवड्यात
रेसिडेन्सीच्या बागेत चोर पिसारा फुलवून नाचला,
कुणाच्या मावशीला पहिलं चूल झालं,
एक म्हातारा घाट चुकला,
आणि हात झाली तरी घरी कुणी दिवा लावला नाही.

मग सवय लागली.
शब्द आधी एक घर सरकवायचा,
नंतर त्याच्यावर विश्वास ठेवायचा.

नावात ज्योत होती कंपनीच्या. असो.
फोन वाजत राहायचा, पुढे वाजेनासाही झाला.
दुरुस्तीला यायचा तो शेवाळकर
आता देवासला सौर बंब विकतो.
म्हणाला, ताई, साचेसुद्धा किलोवर गेले,
सुटा भाग आता देवाकडेही नाही.
आणि मग, जरा थांबून,
तुमच्या गच्चीवर ऊन किती वेळ असतं?

श्रावणात एक लिफाफा आला.
शेजारच्या अन्विताने वाचून दाखवला:
कंपनी दिवाळखोरीत निघाली असून
आपले काही येणे असल्यास
पुराव्यासह तीस दिवसांत कळवावे.
मी तिला म्हटलं, लिही.
येणे: एक टिंब.
डावीकडचं, तळचं.
पुरावा म्हणून बोट पाठवता येत नाही, क्षमस्व.
ती हसली, पण लिहिलंन. टाकलंनसुद्धा.
उत्तर नाही.

सियागंजात मुर्तझाभाई घड्याळं दुरुस्त करतात.
यंत्र पिशवीतून काढलं तेव्हा विचारलं त्यांनी,
दीदी, ये बजता है क्या?
मी म्हटलं, वाचतं.
त्यांनी मागचं झाकण उघडलं
आणि दोनशे व्होल्टचा चटका खाऊन
गुजरातीत काहीतरी पुटपुटले,
मग बराच वेळ बोललेच नाहीत.
दुकानभर घड्याळं चालत होती,
एकाचाही मेळ दुसऱ्याशी नव्हता.

टिंब मेलेलंच होतं. जिवंत होणार नव्हतं.
पण घरं सुटी होती, ओळीत खोचलेली,
पेटीच्या पट्ट्यांसारखी एकेक निघणारी.
आखरी वाले में कौन रहता है? त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, क्वचित कोणी. ओळ तिथवर जातेच असं नाही.
तो फिर बीमार को वहीं सुला देते हैं.

सतरावं काढून चाळिसाव्यात,
चाळिसावं सतराव्यात.
अब देखो. मी बोट ठेवलं.
अब? अजून थोडं दाबा.
अब?
तळाशी, डावीकडे, एक टोक वर आलं,
कोरं करकरीत, चार वर्षं न झिजलेलं,
शेजाऱ्यांपेक्षा बोटाला जरा टोचणारं.

साठ रुपये घेतले त्यांनी.
चटक्याचे नाही लावले, म्हणाले.

आता मोर मोर आहे,
मूल मूल, वाट वाट.
वेगात वाचते मी, सरकवत नाही काही.
फक्त कधी एखादी लांब ओळ
अगदी काठापर्यंत भरून येते.
काल आली. पावसाळी सहलीचं वर्णन, सातवीतल्या मुलाचं,
आणि चाळिसाव्या घरात
मोराचा शेवटचा 'र' येऊन बसला.

झाडावर एक मोह, असं होतं तिथं.

दुरुस्तीची खूण करायला
मी बोट उचललं,
आणि बराच वेळ
तसंच धरून राहिले.